पॅसेजमध्ये न बोलणारे डॉक्टर

"ह्या डॉक्टरला कशाला बोलावलं हिनं? हा खरं सांगून टाकतो ना!"

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचं हे वाक्य मी आमच्या सेफ्टी डोअरच्या आतून ऐकलं. त्या लिफ्टची वाट बघत काकांशी कुजबुजत होत्या, आणि काकूंचं कुजबुजणं आमच्या मजल्यावर टीव्हीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. डॉक्टर यायची वेळ झाली होती, म्हणून मी चपलांचं स्टँड बाजूला सरकवायला बाहेर येत होते. ते वाक्य ऐकून दाराआडच थांबले. लिफ्ट आली, काका-काकू खाली गेले, आणि जिन्यातून कठड्याला धरत, धापा टाकत, खांद्याला भाजीची पिशवी अडकवलेले आमचे फॅमिली डॉक्टर पाचव्या मजल्यावर पोचले.

भाईंदरच्या जेसल पार्कपासून मीरा रोड स्टेशनपर्यंत चालत गेलं तर माणसांपेक्षा डॉक्टरांच्या पाट्या जास्त दिसतील. पण ज्याची स्कूटर बिल्डिंगखाली थांबली की आजाऱ्याला बरं वाटतं आणि त्याच्या नातेवाइकांना घाम फुटतो, असा डॉक्टर त्या सगळ्यांत एकच, आणि तो आमच्या वाट्याला आला होता. तसे ते सकाळ-संध्याकाळ इतरांसारखेच दवाखान्यात बसून ताप, खोकला, जुलाब बघतात. लहानपणी मलाही त्यांनी नारिंगी औषध आणि रडू नये म्हणून पेपरमिंट दिलेलं आहे. दुपारी मात्र ते दवाखान्याचं शटर खाली ओढतात आणि ज्यांना मोठ्या हॉस्पिटलांनी 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवलंय त्यांच्या घरी जातात. ह्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात हे मला वाचून माहीत होतं. डॉक्टर त्याला 'दुपारचं काम' म्हणायचे.

बाबांना तसंच परत पाठवलं होतं. यकृतातला कॅन्सर पसरला होता आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली. नाशिकच्या आत्याने मला फोनवर बजावलं होतं, "दादाला एक अक्षर कळू द्यायचं नाही. खचेल तो. सूज आहे म्हण." रिपोर्ट इंग्रजीत होते, आणि आमच्या घरात इंग्रजी वाचायचं खातं मी चौथीत असल्यापासून माझ्याकडे आहे. सोसायटीची नोटीस असो की विम्याचं पत्र, बाबा कागद माझ्यापुढे धरायचे आणि मी मराठीत सांगायचे. तसंच ह्या वेळीही सांगितलं. "यकृताला सूज आहे, बाबा." "बरं," बाबा म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला. आमचं बोलणं तसं एवढंच असायचं. बाबा टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. मुंबईभर खड्ड्यांत उतरून त्यांनी लोकांचे फोन सुरू केले, पण घरी आल्यावर 'दूध घेतलं का' आणि 'पाणी गेलं का' ह्यापलीकडे त्यांना विषय सुचत नसत. मलाही नाही. मी दिवसभर हेडफोन लावून परदेशातल्या अनोळखी माणसांशी बोलते, तीच माझी नोकरी. हेडफोन काढला की घर इतकं शांत व्हायचं की फ्रिज सुरू झालेला कळायचा.

तर त्या पहिल्या दिवशी डॉक्टर वर येताच मी त्यांना पॅसेजमध्येच गाठलं आणि हळू आवाजात म्हटलं, "डॉक्टर, बाबांना माहीत नाहीये. प्लीज आत काही..."

त्यांनी हात वर केला. धाप उतरेपर्यंत तो तसाच वर होता. मग म्हणाले, "बाय, पॅसेजमध्ये मी फक्त चपला काढतो आणि घालतो. बोलायचं ते आत. शेठसमोर."

हे 'शेठ' म्हणजे बाबा. डॉक्टरांचे सगळे पेशंट शेठ असत आणि सगळ्या बायका शेठाणी, मग तो भंगारवाला असो नाहीतर निवृत्त प्राचार्या. डॉक्टर इथल्याच जुन्या गावातले. त्यांच्या घरची मिठागरं होती, भाताची खाचरं होती. मिठागरावर शेठ एकच असतो आणि हुकूम त्याचाच चालतो, तसं आजाऱ्याच्या खोलीतही, असं त्यांचं म्हणणं. "मुलगा न्हाय, सून न्हाय, डॉक्टर तर मुळीच न्हाय. गादीवर झोपलेला माणूस शेठ."

पॅसेजचा हा नियम किती कडक आहे हे आख्ख्या भागाला माहीत होतं, आणि काकूंच्या भीतीचं मूळ तेच. आपल्याकडे डॉक्टर घरी आले की ते कॉटजवळ 'छान आहे, काळजी करू नका' म्हणतात, आणि खरी गोष्ट नातेवाइकांना लिफ्टपाशी सांगतात. लिफ्ट लवकर आली तर तिच्या दारात पाय घालून सांगतात. आमचे डॉक्टर म्हणूनच लिफ्टने जात नाहीत. पाच मजले असोत की अकरा, ते जिन्याने चढतात; म्हणतात, गुडघे दुखणाऱ्या नातेवाइकांना मागे टाकायचा एवढाच उपाय आहे. पलीकडच्या गल्लीत एका मुलाने तरीही त्यांना पॅसेजमध्ये गाठून विचारलंच, "डॉक्टरसाब, कितना टाइम है?" डॉक्टर चप्पल घालता घालता थांबले, चप्पल काढली, पुन्हा आत गेले आणि म्हाताऱ्या वडिलांना म्हणाले, "शेठ, आपका बेटा पूछता है कितना टाइम है. बताऊँ?" म्हातारा डोळे मिटून पडला होता. म्हणाला, "उसको बोलो, मेरे को कोई जल्दी नहीं है."

मी त्यांच्या मागोमाग आत गेले. डॉक्टर खुर्ची सोडून सरळ कॉटवर, बाबांच्या पायाशी बसले. पाच मजले चढल्यामुळे त्यांना बोलता येईना, तेव्हा बाबांनीच मला पाणी आणायला सांगितलं आणि त्यांना म्हणाले, "आधी तुम्ही टेका जरा." नंतर मला कळलं की हे दर घरी असंच होतं. बिचाऱ्या डॉक्टरांची काळजी करण्यात पेशंटची पहिली पाच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ तो आजारी नसतो.

पाणी पिऊन झाल्यावर डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर बघितलं, दिशा लावली आणि म्हणाले, "शेठ, ही तुमची खोली आमच्या आजाच्या शेतात हाय. तिकडे स्वयंपाकघरात बांध येतो. इथे तुमच्या कॉटखाली चिंबोऱ्या मिळायच्या, हे मोठे खेकडे."

"मग काय, भाडं मागायला आलात?" बाबा म्हणाले.

बाबांनी चेष्टा केलेली मी कधी ऐकली होती ते मला आठवेना. डॉक्टर कॉट हलेपर्यंत हसले. मग त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "आजाराचं काय माहीत हाय तुम्हाला?" बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "सूज आहे म्हणतात." "अजून काही विचारायचंय?" "नाही." "बरं," डॉक्टर म्हणाले. "कधी विचारावंसं वाटलं तर विचारा. मी खोटं सांगणार न्हाय, आणि न विचारता सांगणार न्हाय. आता सांगा, पोट साफ होतं का?"

म्हणजे काकूंची माहिती चुकीची होती. हा माणूस खरं सांगून टाकत नव्हता. तो फक्त विचारायची वाट बघत होता. खरं सांगायचं तर मला ते जास्त कठीण वाटलं. सांगून टाकलं असतं तर एकदाचं झालं असतं. आता दुपारी स्कूटर खाली थांबली की वाटायचं, बाबा आज विचारतील. म्हणून डॉक्टर कॉटवर बसले की मी 'चहा ठेवते' म्हणून स्वयंपाकघरात निघून जायचे. चहा उकळून उकळून काढ्यासारखा व्हायचा, आणि डॉक्टर तो तक्रार न करता प्यायचे.

बाकी त्यांच्या तक्रारी पुष्कळ असत. कपबशी परत ठेवायच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात येत आणि न विचारता एकेका पातेल्यावरचं झाकण उचलून बघत. पेशंटची नाडी हातात कळते पण घराची पातेल्यात कळते, असं ते मानत असावेत. एकदा त्यांना सगळी पातेली पालथी आणि कचऱ्याच्या डब्यात नूडल्सची पाकिटं दिसली. "शेठचं जेवण जात न्हाय, तो आजार," ते म्हणाले. "तुझं जात न्हाय, तो काय?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाजीच्या पिशवीतून आधी तांदळाच्या दोन भाकऱ्या निघाल्या आणि मग स्टेथोस्कोप.

ह्या पिशवीत काय नसायचं! वजनाने ती एका बाजूला झुकलेली असे, आणि डॉक्टर दुसऱ्या. मॉर्फिनच्या गोळ्या, कापूस, पाठीला जखम होऊ नये म्हणून लावायचं मलम, दुधी भोपळा, कुणीतरी दिलेल्या शेवग्याच्या शेंगा. एकदा समुद्राकडच्या तारोडी गावातल्या एका पेशंटच्या घरून त्यांना सुके बोंबील मिळाले आणि ते तसेच पिशवीत घेऊन भाईंदरमधल्या एका जैन आजींकडे गेले. सुनेने नाकाला पदर लावला, मुलाने खिडक्या उघडल्या. आजी कितीतरी दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "डॉक्टर, मरवानी तो हुं छुं, ने वास तमारी थेलीमांथी केम आवे छे?" मरायला मी टेकलेय आणि वास तुमच्या पिशवीचा का? डॉक्टर स्वतःच हे सांगायचे आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते हसून यायचं असं मी तेव्हा समजत होते.

मला मात्र सगळ्यात जास्त लाज वाटायची ती त्यांच्या आवाजाची. मॉर्फिनने पोट जाम होतं म्हणून ते त्या बाबतीत फार दक्ष. एकदा मी पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, माइक बंद करायला विसरले, आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीतून गर्जना आली, "काय शेठ! शी झाली का आज?" मीटिंगमधल्या कुणालाच मराठी येत नव्हतं. पण आवाज ऐकून कॉलवरच्या एका परदेशी बाईने काळजीने इंग्रजीत विचारलं, सगळं ठीक आहे ना तुझ्याकडे? तिला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. त्या आठवड्यात हा प्रश्न मला विचारणारी ती पहिलीच. मी म्हटलं, हो, सगळं ठीक आहे, आणि पुढचा मुद्दा घेतला.

आत्याचं आणि डॉक्टरांचं एकदा व्हिडिओ कॉलवर जुंपलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मॉर्फिनची सवय लागते. "डॉक्टर, त्याने कधी सुपारीचं खांड खाल्लं नाही हो, आणि तुम्ही त्याला असल्या गोळ्या देताय! चटक लागली तर?" डॉक्टरांनी फोन बाबांच्या हातात दिला. "शेठला विचारा." बाबा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी रात्रभर झोपले होते. फोन तोंडाजवळ धरून ते म्हणाले, "लागू दे चटक, तायडे. झोप लागतेय ना."

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. डॉक्टर मला अधूनमधून रस्त्यात दिसतात. स्कूटर तीच, पिशवी तशीच एका बाजूला झुकलेली. ते हात वर करतात, मीही करते. दुपारी खाली एखादी स्कूटर थांबली की मी अजून हेडफोनचा एक कान काढते. पण त्यांची दुपार आता दुसऱ्या घरांची आहे, आणि मी काही त्यांना हाक मारून थांबवणारी नाही.

बाबांच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर रोज यायचे. बाबांना उठून बसवत नव्हतं. त्यांचे ओठ ओल्या कापसाने कसे पुसायचे, कुशीवर कसं वळवायचं हे डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. नाडीचा आकडा ते मराठीत सांगत, आणि 'एकोणऐंशी' म्हणजे किती हे मला कळत नसे. बाबा तेवढ्यातही हळूच इंग्रजीत सांगायचे, "सेव्हंटी नाइन." एका दुपारी मी स्वयंपाकघरात उभी असताना डॉक्टर झाकणं उचलायला आले, पण त्यांनी एकही उचललं नाही. ओट्याला टेकून म्हणाले, "आमची आई आजारी होती तेव्हा आम्ही पाच भाऊ. सगळे रोज पॅसेजमध्ये बोलायचो. कुठला डॉक्टर, कुठलं हॉस्पिटल. आत ती एकटीच होती." मग कप विसळून पालथा घातला आणि गेले. मी त्या दिवशी खूप वेळ गॅसकडे बघत उभी होते. गॅस बंद होता.

दुसऱ्या दिवशी ते आले, पायाशी बसले, पाणी प्यायले. मी सवयीने उठले. "चहा ठेवते."

"आज चहा न्हाय."

डॉक्टर चहाला नको म्हणताहेत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं त्यांनाच काहीतरी होतंय. "पोट बिघडलंय का तुमचं?"

"माझं पोट झकास हाय. तू बस."

खुर्चीवर बाबांचे धुतलेले कपडे होते, म्हणून मी कॉटच्या कडेवर बसले. खाली फुगेवाल्याची पिपाणी वाजत होती. डॉक्टर आपल्या गुडघ्यांकडे बघत होते, वाट बघायला त्यांच्याकडे आख्खी दुपार असल्यासारखे. बाबांनी उशीवरची मान थोडी माझ्याकडे वळवली.

"ही असतानाच विचारायचं होतं," ते डॉक्टरांना म्हणाले. "ही दर वेळी चहाला पळते." मग जरा दम घेऊन, "मी ह्यातून बरा होणार नाही ना, डॉक्टर?"

"न्हाय, शेठ."

"मला वाटलंच," बाबा म्हणाले. आज दूधवाला येणार नाही हे वाटलंच होतं, अशा आवाजात.

"दुखू देणार न्हाय मी तुम्हाला. त्याला मी हाय."

बाबांनी मान हलवली. डॉक्टरांनी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली, पिशवी खांद्याला लावली आणि ते बाहेर गेले. मी सोडायला उठले नाही. जिन्यावरून उतरत जाणारा त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला, आणि मग तोही थांबला.

घरात आम्ही दोघं उरलो. मला वाटलं, आता बाबा काहीतरी मोठं बोलतील. ते पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "गॅसची नळी बदलायला झालीय."

मी आणखी जवळ सरकले.

"गिझर बंद करूनच आंघोळीला जायचं. विसरतेस तू." थांबून त्यांनी श्वास घेतला. "बाथरूमचा नळ जोरात पिळायचा नाही. आधी थोडा उलटा फिरवायचा, मग बंद करायचा. थेंब थांबतो. खालच्या मीटरच्या पेटीत वरचा फ्यूज आपला. खालचा समोरच्यांचा. काकूंना विचारू नकोस, त्यांना माहीत नाही. ह्या घराचं सगळं वायरिंग मी केलंय, इलेक्ट्रिशियनला कळायचं नाही. हॉलमधल्या पंख्याची वायर माळ्यावरून फिरवून आणलीय..."

ते असं किती तरी वेळ सांगत होते. मध्येच आवाज जायचा, मी ओला कापूस ओठांना लावायचे, आणि पुन्हा ते कुठल्या तरी स्विचपासून सुरू करायचे. इतकी सलग वाक्यं त्यांनी माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. मला त्यातला एकही स्विच लक्षात राहत नव्हता. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. चादरीवरची त्यांची दोन बोटं बोलता बोलता अदृश्य वायर पिळत होती. शेवटी बेलच्या वायरपर्यंत आल्यावर ते दमले आणि थांबले.

"कळलं ना सगळं?"

आमच्या घरात ह्या प्रश्नाला 'हो' म्हणायची पद्धत आहे. 'हो' म्हटलं की विषय संपतो, आणि ज्याला त्याला आपापल्या खोलीत जाता येतं. माझ्या तोंडात तो 'हो' आलेलाही होता. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि ते उत्तराची वाट बघत होते.

मी त्यांची ती दोन बोटं हातात धरली आणि म्हटलं, "नाही कळलं. मला भीती वाटतेय, बाबा. तुम्ही बोलत राहा."